रीतिभूतकाळ

मी अथेन्सची. म्हणजे बोलघेवडी.
बदली होऊन ताइगेटोसच्या पायथ्याशी आले तेव्हा
बसच्या ड्रायव्हरला सगळं सांगून टाकलं,
बहीण काय करते, घरमालक कसा नडला,
मला वळणांची भीती कशी वाटते.
दीड तास. नुसती वळणं.
उतरताना तो म्हणाला, "पोचलो."

ऑक्टोबरात पाचवीला विशेषणं असतात.
फळ्यावर लिहिलं: लाकोनिकोस.
मोजकं बोलणारा. तोडून बोलणारा.
ज्याच्या वाक्याला शेपूट नसतं, तो.
म्हटलं, मुलांनो, हा शब्द तुमच्या जिल्ह्याचा,
या लाकोनियाचा,
इथून निघाला आणि कुठल्या कुठल्या भाषांत
जाऊन बसलाय, बघा.
तेरा चेहरे. कुणालाच काही वाटलं नाही.
पाण्याला सांगावं, तू ओलं आहेस, तसं झालं.

खरं तर नाव ठेवलं ते आम्ही, बोलणाऱ्यांनी.
नाव ठेवलं की नावं ठेवली, कोण जाणे.
स्वतःला मितभाषी म्हणवून घ्यायलाही
चार शब्द खर्चावे लागतात.

मग ती गोष्ट सांगितली, सगळेच सांगतात ती.
उत्तरेच्या राजाने स्पार्टाला निरोप धाडला:
जर मी तुमच्या मुलखात शिरलो, तर
एक चूल पेटती ठेवणार नाही.
उत्तर गेलं:
जर.

एकटा जर.
मागे धावत येणारा तर नाही,
हात जोडणं नाही, दात ओठ खाणं नाही.
मला हे फार आवडतं, कारण माझा जन्म
तर-तर करण्यात गेला.

मागच्या बाकावरून गारिफालिया म्हणाली,
"आणि हेलोट?"
काय हेलोट?
"शेतं ते कसायचे. गुलाम होते. ते काय म्हणाले?"
मी खडू हातातल्या हातात फिरवला.
त्यांचं एक अक्षर कुणी टिपून ठेवलेलं नाही.
सगळ्यात कमी बोलले ते,
आणि त्यांच्या नावाचं विशेषण
निदान मला तरी माहीत नव्हतं.
घंटा झाली. बरं झालं.

गृहपाठ दिला होता: या शब्दावर एक पान.
पांतेलिसच्या वहीत तारीख, समास, आणि
एक ओळ.
"आमच्या घरी आई बोलायची."

लाल पेनाचं टोपण काढलं होतं.
अपुरं, असं लिहिणार होते.
तेवढ्यात क्रियापद दिसलं.

रीतिभूतकाळ मीच शिकवला होता, सप्टेंबरात.
उदाहरणही माझंच:
आम्ही समुद्रावर जायचो.

नोव्हेंबरात त्याच्या बापाच्या घाण्यावर गेले.
वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं,
मुलाचं वय, दुःख, काळ हे औषध, वगैरे.
नमनाला घडाभर तेल घेऊनच निघाले होते मी,
आणि तिथं तर तेलाचाच गाव,
हिरवं, दाट, नळातून पडणारं,
पण कुणी थेंब सांडत नव्हतं.
याकूमिसने पाव भाजला, तेलात बुडवला,
माझ्यापुढे धरला.
"पांतेलिस हुशार आहे," मी म्हणाले.
"हो."
यंत्र घरघरत होतं. पाव संपला.
बोटं पुसायला त्याने फडकं दिलं,
मग नळाकडे बघत म्हणाला,
"तिच्यावर गेलाय."

माझी बाकीची वाक्यं
तशीच परत आणली.

वहीवर काय शेरा मारावा ते अजून सुचलेलं नाही.
टेबलावर वही, तिच्याशेजारी
त्याने न विचारता हातात दिलेला पाच लिटरचा डबा.

रात्री बहिणीचा फोन आला.
"काय विशेष?"
"तेल मिळालं," मी म्हटलं.
ती थांबली, पुढचं ऐकायला.
मग म्हणाली, हॅलो?
हॅलो?
आहेस ना गं?